वागणं बिघडलं की आधी शरीर तपासा: ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

ऑटिझमचं निदान झालं की घरातला सगळा वेळ आणि पैसा थेरपीकडे वळतो. स्पीच, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण, शाळेत शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत राहून मदत करणारी व्यक्ती). हे सगळं लागतंच. पण या धावपळीत मुलाच्या शरीराकडे दुर्लक्ष होतं. चार-पाच दिवस पोट साफ झालेलं नाही, रात्री दोनला उठून बसतं, मागची दाढ किडली आहे, आणि आपण मात्र विचारत असतो, "हल्ली फार हात चावतो, थेरपीचे तास वाढवू का?" शाळेतून तक्रार येते ती वागण्याची. पोट दुखतंय हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं. म्हणून या लेखातलं सगळं एका सूत्राभोवती आहे: वागणं बदललं की आधी शरीर तपासायचं.

या सूत्रामागे बरीच वर्षं चाललेलं सामूहिक काम आहे. २००५ साली अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी मिळून 'ऑटिझम ट्रीटमेंट नेटवर्क' सुरू केलं. पुढे त्यात कॅनडातली केंद्रंही आली. तोवर पोटाचे डॉक्टर पोट बघायचे, मेंदूचे डॉक्टर मेंदू, आणि एकेका रुग्णालयात येणारी मुलं इतकी थोडी की ठाम निष्कर्ष काढता येत नसत. या गटाने ठरवलं की सगळ्या केंद्रांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवायच्या, तेच प्रश्न विचारायचे आणि माहिती एकत्र करायची. २००८ पासून अमेरिकी सरकारने खास शारीरिक आरोग्यावरच्या संशोधनासाठी निधी दिला. हे काम बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून चालायचं, २०२० मध्ये ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाकडे गेलं. नेटवर्कच्या नोंदींमध्ये सहा हजारांहून जास्त मुलांची माहिती जमली, आणि त्यातून झोप, बद्धकोष्ठता, रक्ततपासणी, दात अशा विषयांवर पालकांसाठी मोफत पुस्तिका तयार झाल्या.

त्या पुस्तिका तिथल्या घरांसाठी, तिथल्या दवाखान्यांसाठी लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे एका खोलीत चौघं झोपतात, ओपीडीत नंबर लावून दोन तास बसावं लागतं, आणि आजी बिस्किटाचा पुडा हातात देते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनक्लेन या संशोधन संस्थेच्या अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच भागांतली जवळपास चार हजार मुलं तपासली गेली, तेव्हा ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास दिसलं. म्हणजे आपल्या तालुक्यातही अशी घरं बरीच आहेत. नेटवर्कच्या संशोधनातलं जे आपल्या घरात करता येतं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन आठवडे रोज पाच गोष्टी लिहा: किती वाजता झोपलं आणि उठलं, शी कधी आणि कशी झाली, काय खाल्लं-प्यायलं, कुठली औषधं दिली, आणि वागण्यात ठळक काय घडलं. प्रत्येकी एक ओळ पुरे. शीसाठी डॉक्टर 'ब्रिस्टल तक्ता' वापरतात. त्यात सात चित्रं आहेत: पहिलं सुट्या कडक खड्यांचं, सातवं निव्वळ पाण्यासारखं. नुसता आकडा टिपला तरी डॉक्टरांना कळतं.

वागण्याची नोंद करताना "खूप त्रास दिला" असं लिहू नका. "जेवणानंतर अर्ध्या तासाने सोफ्याच्या कडेवर पोट दाबून पडला, मग रडला" असं लिहा. वेळ आणि अंगाची ठेवण या दोन गोष्टींतून फार कळतं. टिमोथी बुई या बोस्टनच्या पोटविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१० मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात तज्ज्ञांचं एकत्रित निवेदन आलं. न बोलणाऱ्या मुलात पोटदुखी कशी दिसू शकते, याची त्यात यादीच आहे: पोटावर दाब देणं, विचित्र कोनात वाकणं, सारखा घसा खाकरणं किंवा गिळणं, कपडे चावणं, तोंड वेडंवाकडं करणं, स्वतःला मारणं, रात्री रडत उठणं. ऑटिझम असलेल्या मुलाच्या पोटाची तपासणी इतर कुठल्याही मुलाइतकीच कसून व्हायला हवी, हे त्या निवेदनाचं मुख्य म्हणणं होतं. "ऑटिझममध्ये असंच असतं" या उत्तरावर समाधान मानायचं नाही, यासाठी आपल्या हातात हा भक्कम आधार आहे.

मोबाइलवर छोटे व्हिडिओही काढा. दवाखान्यात मूल नेमकं तसं वागत नाही, आणि आपण तोंडी सांगितलेलं अर्धवट राहतं.

वही एकट्या आईने लिहू नये. शाळेतल्या ताई, थेरपिस्ट, बाबा, आजी-आजोबा, सगळ्यांनी त्याच वहीत लिहावं. शाळेत डबा परत येतो आणि घरी कुणाला पत्ता नसतो, असं फार होतं.

दुसरी पायरी: एक डॉक्टर धरा आणि भेटीची तयारी करा

तज्ज्ञ कितीही असोत, सगळी कागदं बघणारा एक बालरोगतज्ज्ञ हवाच. त्याला ऑटिझमचं विशेष शिक्षण नसलं तरी चालेल. ऐकून घेणारा, मुलाला हात लावून तपासणारा आणि "बघून सांगतो" म्हणणारा असावा.

फोन करून दिवसाची पहिली वेळ मागा आणि कारण स्पष्ट सांगा: "मुलाला ऑटिझम आहे, गर्दीत थांबता येत नाही. नंबर आला की फोन कराल का? आम्ही खाली रिक्षात बसतो." बहुतेक ठिकाणी ऐकतात. आदल्या दिवशी दवाखान्याच्या दाराचा, खुर्चीचा, स्टेथोस्कोपचा फोटो दाखवून क्रम सांगा: आधी वजन, मग छाती, मग पोट, मग घरी. घरात खेळण्यातल्या स्टेथोस्कोपने सराव केला तर आणखी बरं.

आत गेल्यावर पहिल्या मिनिटात मुद्दा मांडा. "डॉक्टर, तीन आठवड्यांपासून हा हात चावतोय. आधी असं नव्हतं. कुठे दुखतंय का, ते डोक्यापासून पायापर्यंत बघाल का?" कान, घसा, दात, पोट, जांघ, त्वचा, नखं, तळपाय, सगळं. कानातला संसर्ग, हर्निया, बोटात रुतलेलं नख, बुटात घासून झालेली जखम, यातलं काहीही मुलाला सांगता येत नाही. उंची-वजन आलेखावर मांडून घ्या. ऐकणं आणि नजर यांची तपासणी कधीच झाली नसेल तर तीही मागा. लसीकरण राहिलं असेल तर पूर्ण करा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीने ऑटिझम होत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांनी पक्कं झालेलं आहे.

खासगी खर्च झेपत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. ही केंद्रं सहसा जिल्हा रुग्णालयात असतात. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणारं पथक तिथे चिठ्ठी देऊ शकतं. अपंगत्व प्रमाणपत्र हातात असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचीही चौकशी करा. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नोंदणी ट्रस्टशी जोडलेल्या संस्थांमार्फत होते.

तिसरी पायरी: पोट

इथे थोडं जास्त थांबू, कारण बहुतेक घरांत गाडी इथेच अडलेली असते.

व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या पोटाच्या तक्रारींमध्ये बद्धकोष्ठता सगळ्यात पुढे होती, आणि न बोलणाऱ्या, लहान मुलांत ती जास्त दिसली. पालकांनी सांगितलेलं आणि पोटविकारतज्ज्ञांनी तपासून ठरवलेलं बहुतेक वेळा जुळलं, हेही त्यात दिसलं. तुम्हाला वाटतंय की पोट बिघडलंय, तर ते गंभीरपणे घेतलं गेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट अशी. मूल दिवसातून चार-पाच वेळा चड्डीत थोडी पातळ शी करतं. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, किंवा मुद्दाम करतोय. प्रत्यक्षात आत मोठा कडक गोळा अडकलेला असतो आणि पातळ मळ त्याच्या बाजूने झिरपतो. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर दुखणं वाढतं, आणि रागावण्याचा काही उपयोग नसतो, कारण ते झिरपणं मुलाला कळतही नाही.

असं साठलेलं असेल तर आधी ते बाहेर काढावं लागतं. त्यासाठी डॉक्टर मळ मऊ करणारी औषधं देतात, बहुतेकदा पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्टुलोज. साठलेलं निघायच्या आधीच इसबगोल आणि कोंडा भरपूर दिला तर पोट आणखी तट्ट फुगतं. एरंडेल, साबणाचं बोट, मनाने एनिमा हे प्रकार करू नका. एकदा दुखलं की मूल शी आणखी रोखून धरतं. पोट मोकळं झाल्यावरही औषध आठवड्याभरात बंद करू नका. ताणून सैल झालेल्या आतड्याला पूर्ववत व्हायला महिने लागतात. "सवय लागेल" या भीतीने औषध मध्येच थांबवलं की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. कमी कधी आणि किती करायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

औषधाबरोबर बसण्याची सवय. नाश्ता किंवा जेवण झाल्यावर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, तेव्हा पाच ते दहा मिनिटं शौचालयात बसवायचं. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पोटाला जोर मिळत नाही; पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. भारतीय पद्धतीच्या शौचालयात ही ठेवण आपोआप येते, पण तोल जाईल या भीतीने काही मुलं बसतच नाहीत. त्यांना भिंतीला धरायला काहीतरी लावून द्या. फ्लशचा आवाज सहन होत नसेल तर मूल बाहेर गेल्यावर फ्लश करा. बसल्याबद्दल लगेच काहीतरी आवडीचं द्या. शी झाली की नाही यावर बक्षीस ठेवू नका, कारण ते त्याच्या हातात नाही.

दूध मोजा. दिवसाला लिटरभर दूध पिणारं मूल जेवत नाही, त्याचं पोट कडक होतं आणि लोह कमी पडतं. दूध हळूहळू कमी करून पाणी, ताक, वरणाचं पाणी वाढवा.

शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं कडक पोट, वजन उतरणं, किंवा जन्मापासूनच पोट साफ होण्याचा त्रास, यातलं काहीही असेल तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चौथी पायरी: झोप

ऑटिझम असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो, आणि त्या घरात आईही झोपत नाही. २०१२ मध्ये बेथ मॅलो या निद्राविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नेटवर्कसाठी झोपेच्या उपचाराचा क्रम मांडला. आधी शारीरिक कारणं शोधायची, मग पालकांना शिकवून सवयी बदलायच्या, आणि औषध त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा होतो. पहिल्याच भेटीत गोळी लिहून मिळते.

शारीरिक कारणं अशी: बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, मोठ्या आवाजात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं (टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असू शकतात), रात्रीच्या फिट, खाज, दातदुखी, आणि लोह कमी असल्यामुळे पायांची चुळबुळ. एखादं चालू औषधही झोप उडवू शकतं.

यातलं काही नसेल तर सवयी. याच नेटवर्कमध्ये आधी पालकांना नुसतं माहितीपत्रक देऊन पाहिलं गेलं. त्याने झोप लागायला लागणारा वेळ काही कमी झाला नाही. मग ८० मुलांच्या पालकांना समोर बसवून शिकवलं, काहींना एकेकटं, काहींना गटात. दोन्हींचा फायदा सारखाच झाला, आणि झोप लागायला जिथे जवळपास तास जायचा तिथे साधारण चाळीस मिनिटं लागू लागली. म्हणून खालचं वाचून थांबू नका. थेरपिस्टबरोबर बसून किंवा पालकांच्या गटात चर्चा करून स्वतःच्या घराचा आराखडा बनवा.

उठण्याची वेळ आधी पक्की करा, रविवारीही तीच. सकाळी उजेडात न्या. झोपायच्या तासभर आधी टीव्ही-मोबाइल बंद. एका खोलीच्या घरात हे जमवायचं तर सगळ्यांनाच बंद ठेवावं लागतं, आणि बाबांना कामावरून आल्यावर बातम्या बघायच्या असतात. यावर घरात बसून एकदाच बोलून घ्या. ही गोष्ट पंधरा दिवस तरी सगळ्यांनी पाळली पाहिजे. मग अर्ध्या तासाचा ठरलेला क्रम, चित्रांच्या पट्टीवर: दात, शू, कपडे, एक गाणं, दिवा.

मूल रोज साडेअकराला झोपत असेल तर त्याला नऊ वाजता अंथरुणावर टाकून उपयोग नाही. अंथरूण म्हणजे भांडण असंच त्याच्या डोक्यात बसतं. सुरुवातीला सव्वाअकरा-साडेअकरालाच झोपवा. पटकन झोप लागायला लागली की दर काही दिवसांनी पंधरा मिनिटं मागे आणा. आई शेजारी असल्याशिवाय झोपत नसेल तर आधी हात धरून, मग नुसतं शेजारी, मग थोडं लांब बसून. रात्री उठलं तर दिवा नाही, गप्पा नाहीत, मोबाइल तर अजिबात नाही. त्याच दोन शब्दांत परत झोपवायचं.

एवढं करूनही फरक नसेल तर डॉक्टरांशी मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या गोळीबद्दल बोला. त्यावर अभ्यास झालेले आहेत आणि बऱ्याच मुलांना कमी मात्रा पुरते. पण दुकानातून मनाने आणू नका. मात्रा आणि वेळ दोन्ही महत्त्वाची असतात, आणि सगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांचा दर्जा सारखा नसतो.

पाचवी पायरी: ताटातलं

तीन-चारच पदार्थ खाणारी मुलं बरीच असतात: पांढरा भात, एका ठरावीक कंपनीची बिस्किटं, चिप्स, दूध. हा हट्ट नसतो. पदार्थाचा वास, रंग, दाताखालचा स्पर्श त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवतो. धरून भरवलं की उरलेले पदार्थही सुटतात. आवडत्या भातात लपवून पालक घालणं तर नकोच. फसवणूक लक्षात आली की तो भातही जातो.

मूल जे खातं त्याच्या जवळचं काहीतरी निवडा आणि एका वेळी एकच गुण बदला. कुरकुरीत आवडतं तर चिप्सवरून भाजलेला पोह्याचा पापड, मग नाचणीचा पापड, मग कडक भाजलेलं पातळ घावन, मग त्याच घावनात थोडं किसलेलं गाजर. नवा पदार्थ आधी नुसता टेबलावर, मग ताटाच्या कडेला, मग बोट लावून, वास घेऊन, जिभेला टेकवून, चावून थुंकून. गिळणं शेवटी. एका पदार्थाला काही महिने लागले तरी ते यशच आहे.

फार थोडे पदार्थ खाणारी मुलं अंगाने चांगली भरलेली दिसू शकतात आणि तरी कुपोषित असू शकतात. फळ-भाजी अजिबात न खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मूल अचानक लंगडायला लागलं, चालायला नकार द्यायला लागलं आणि हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो काय खातो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

महागडी पावडर आणि गोळ्या घ्यायच्या आधी मात्र थांबा. याच नेटवर्कने शेकडो मुलांचा आहार तपासला तेव्हा गोळ्या घेणाऱ्या अनेक मुलांमध्ये ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमीच राहिलं होतं, आणि अ जीवनसत्त्व, फॉलिक अॅसिड, जस्त मात्र गरजेपेक्षा जास्त जात होतं. कुणाला काय कमी आहे हे बघून तेवढंच द्यायला हवं.

गहू आणि दूध बंद करण्याच्या आहाराबद्दल प्रत्येक पालकाला कुणीतरी सांगितलेलं असतं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १४ मुलांवर अतिशय काटेकोर प्रयोग झाला. कुणाला काय दिलंय हे ना पालकांना ठाऊक होतं, ना तपासणाऱ्यांना. झोप, पोट किंवा वागणं यात फरक दिसला नाही. गट छोटा होता, पण तीन पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून पोळी आणि दही काढून घ्यायला एवढा आधार मला तरी पुरेसा वाटत नाही. सीलिअॅक आजाराची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) शंका असेल तर आधी रक्त तपासा आणि मग गहू सोडा. उलट केलं तर तपासणीत काही सापडत नाही.

सहावी पायरी: रक्त, एकाच टोचणीत

रक्त काढण्याच्या भीतीने वर्षानुवर्षं तपासण्या टाळल्या जातात. डॉक्टरांना सांगून गरजेच्या सगळ्या तपासण्या एकाच वेळी करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, गरज असेल तर थायरॉइड. माती, रंगाचे पोपडे, कागद खाणाऱ्या मुलाचं शिसंही तपासायला सांगा. जुना रंग आणि काही भस्मं यांतून ते पोटात जातं. सर्दी-तापात फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा मूल बरं असताना जा.

आधी काही दिवस घरात दंडाला रिबन बांधून, कोपरावर ओला कापूस फिरवून, दहा आकडे मोजून सोडून देण्याचा खेळ खेळा. बधिर करणारं मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने तासभर आधी लावा. घरी येऊन रक्त घेणारे तंत्रज्ञ शहरांत मिळतात. त्यातला अनुभवी मागा. मुलाला मांडीवर, छातीशी धरून बसवा. चौघांनी आडवं दाबून धरलं तर पुढची तपासणी विसराच. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका.

दात, फिट, वजन

दातांसाठी: गालावर मारणं, एकाच बाजूने चावणं, थंड नाकारणं ही दातदुखीची चिन्हं असू शकतात. ब्रश सहन होत नसेल तर ओल्या फडक्याने सुरुवात करा, मग अगदी मऊ ब्रश, फेस न होणारी, बिनचवीची पेस्ट. गोड सिरप रात्री दिलं तर नंतर तोंड पुसा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसून परत या.

ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि वयात येतानाही ती पहिल्यांदा येऊ शकते. हाक मारून, हात लावूनही न तुटणारी टक, अचानक थांबलेली हालचाल, झोपेतले झटके, शिकलेले शब्द गळणं, यांचा व्हिडिओ काढून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय.

चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन किंवा अॅरिपिप्राझोल चालू असेल तर भूक आणि वजन वाढतं. सुरू करताना आणि नंतर ठरलेल्या अंतराने वजन, साखर, चरबी तपासायला सांगा. घरी महिन्याला एकदा वजन करा. याच नेटवर्कच्या २०१६ च्या चार केंद्रांतल्या अभ्यासात अशा ६ ते १७ वर्षांच्या मुलांना मेटफॉर्मिन दिल्यावर वजनवाढीला आळा बसला. तेव्हा "औषधाने वाढतंच" हे उत्तर अंतिम नाही, विचारत राहा. मनाने औषध एकदम बंद मात्र करू नका.

शेवटची पायरी: संशोधनात सहभागी होताना

असं सामूहिक संशोधन आपल्याकडेही झालंय. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आलेला अभ्यास गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून झाला. त्यात ६५ मुलं होती, आणि खास प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेवकांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. पालक-मुलांच्या संवादात फरक दिसला. तो अभ्यास संवादाचा होता. पोट, झोप, दात यांवर आपल्या घरांत, आपल्या जेवणावर, आपल्या दवाखान्यांत असं काम व्हायला हवं, आणि ते पालकांनी मागितल्याशिवाय होणार नाही. एखाद्या पालकगटाने एकाच नमुन्याच्या वह्या भरून जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागाकडे नेल्या, तर चांगली सुरुवात होईल.

कुणी अभ्यासात यायला सांगितलं तर आधी ही चौकशी करा. उपचाराची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीचा क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः बघा. २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. नैतिक समितीची मंजुरी आहे का? संमतीपत्र मराठीत आहे का, आणि घरी नेऊन वाचायला देतात का? मध्येच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाला त्याला समजेल अशा रीतीने सांगून त्याचीही तयारी विचारायची असते. न बोलणारं मूल चित्रातून, मान हलवून किंवा हात झटकूनही नाही म्हणू शकतं, आणि तो नकार मोजला गेला पाहिजे.

चाचणीच्या नावाखाली उपचाराचे पैसे मागितले तर उठून या. विशेषतः स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) बाबतीत. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. घर गहाण टाकून लाखो रुपये भरलेले पालक आजही भेटतात. अभ्यास खरा असेल तर आणखी एक गोष्ट सही करायच्या आधीच लेखी मागून घ्या: काम संपल्यावर काय सापडलं, ते आम्हाला मराठीत सांगाल.